पाच बाय आठ ठिपक्यांत मराठी

भोसरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी इलेक्ट्रॉनिक डबे बनवतो. वजनकाटा आणि फॅट मशीन यांचे आकडे घ्यायचे, हिशेब करायचा आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दाखवायचा, एवढंच या डब्याचं काम. दाखवण्यासाठी वापरतो तो कॅरेक्टर एलसीडी. दोन ओळी, प्रत्येक ओळीत सोळा घरं. आतापर्यंत त्यावर इंग्रजी अक्षरं यायची. खेड तालुक्यातल्या एका दूध संस्थेला तोच डबा मराठीत हवा आहे आणि आज संध्याकाळच्या दुधाला तो तिथे लावायचा आहे.

सकाळी ८.००

गाळ्यावर पोचल्यावर आधी टेबल आवरते. काल सोल्डर केलेला बोर्ड, त्यावर एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, शेजारी फ्लॅट केबलने जोडलेला एलसीडी. सप्लाय दिला की एलसीडीची वरची ओळ सोळा काळ्या चौकोनांनी भरते आणि खालची कोरी राहते. नवीन मुलं हे बघून घाबरतात, डिस्प्ले गेला म्हणतात. खरं तर ही चांगली खूण आहे. सप्लाय पोचलाय, कॉन्ट्रास्टचा प्रीसेट जागेवर आहे, फक्त डिस्प्लेशी अजून कोणी बोललेलं नाही. चौकोनही दिसले नाहीत तर आधी तिसऱ्या पिनेवरचा प्रीसेट स्क्रू ड्रायव्हरने फिरवून बघायचा. प्रोग्रामला हात त्यानंतर लावायचा.

सोळा पिना आहेत. पहिल्या दोन सप्लायच्या, तिसरी कॉन्ट्रास्टची, शेवटच्या दोन मागच्या दिव्याच्या. मधल्या अकरांपैकी आठ डेटाच्या आणि तीन नियंत्रणाच्या: आरएस सांगते की येतंय ते अक्षर आहे की हुकूम, आरडब्ल्यू सांगते लिहायचंय की वाचायचंय, आणि एनेबल म्हणते, ‘आता घे’. आम्ही आरडब्ल्यू ग्राउंडला बांधून टाकतो आणि आठऐवजी चारच डेटा लाइन वापरतो. प्रत्येक बाइट दोन हप्त्यांत जातो, आधी वरचा अर्धा, मग खालचा. कंट्रोलरच्या पिना वाचतात आणि केबलही बारीक होते.

८.४५

डिप्लोमा करून आलेला मुलगा आज माझ्याबरोबर आहे. त्याला पहिलं काम दिलंय सुरुवातीच्या हुकुमांचं. त्याने इंटरनेटवरची तयार लायब्ररी जोडली आहे आणि ती चालतेही. पण डबा गावात एकटा राहणार आहे. आत काय चाललंय हे ज्याला माहीत आहे, त्यालाच तो दुरुस्त करता येईल. म्हणून डेटाशीट उघडून बसतो.

या काचेमागे जी चिप आहे तिचं मूळ हिताचीचं एचडी४४७८०. १९८० च्या दशकातली ही रचना. आज बाजारात मिळणारे बहुतेक कॅरेक्टर एलसीडी तिचीच भाषा बोलतात, चिप कोणत्याही कंपनीची असो. चिपला स्वतःचं रीसेट आहे, पण सप्लाय ठरावीक वेगाने वर चढला तरच ते भरवशाचं. गावातली लाइट कशी येते आणि कशी जाते हे ठाऊक असणाऱ्याने त्याच्यावर विसंबू नये. सुरुवात प्रोग्रामनेच करून द्यायची.

ती अशी: सप्लाय आल्यावर किमान ४० मिलिसेकंद गप्प बसायचं. मग ‘तीन’ हा अर्धा बाइट पाठवायचा आणि ४.१ मिलिसेकंदांहून जास्त थांबायचं. पुन्हा ‘तीन’, १०० मायक्रोसेकंदांहून जास्त थांबायचं. पुन्हा ‘तीन’. मग ‘दोन’, म्हणजे आता चार लाइनींवर बोलू. त्यानंतर दोन ओळी, डिस्प्ले चालू, कर्सर बंद, लिहिल्यावर एक घर पुढे, आणि पाटी स्वच्छ.

“मॅडम, एकच हुकूम तीनदा कशाला?” मुलगा विचारतो. प्रश्न बरोबर आहे. डिस्प्ले त्या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे हे आपल्याला माहीत नसतं. तो आठ लाइनींवर ऐकत असेल, चारवर ऐकत असेल, किंवा एका बाइटचा पहिला अर्धा घेऊन दुसऱ्याची वाट बघत अडकला असेल. तीनदा ‘तीन’ पाठवलं की तिन्ही अवस्थांतून तो एकाच ठिकाणी येतो. त्याला हे वहीत काढून पाहायला सांगते. तिन्ही अवस्था कागदावर चालवून बघतो तेव्हा त्याचा चेहरा उजळतो. हा हुकूम त्याला आता पाठ करावा लागणार नाही.

१०.००

आजचं मुख्य काम. चिपच्या पक्क्या स्मृतीत अक्षरं आधीच कोरलेली असतात. आपल्याकडे सहसा मिळणाऱ्या प्रकारात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जपानी काताकाना असतात. देवनागरी नाही. प्रोग्रामरला स्वतःची अक्षरं काढण्यासाठी ६४ बाइटची मोकळी जागा दिलेली असते, आणि त्यात पाच ठिपके रुंद, आठ ठिपके उंच अशी आठ अक्षरं बसतात. एका वेळी फक्त आठ. आपल्या बाराखडीला ही जागा काहीच नाही, म्हणून आधी शब्द निवडावे लागतात.

संस्थेच्या सचिवांशी फोनवर बोलून शब्द ठरवले होते: लिटर, फॅट, दर आणि रुपये. कोणीतरी ‘स्निग्धांश’ सुचवलं होतं. पण गोठ्यापासून संस्थेच्या कार्यालयापर्यंत सगळे ‘फॅट किती लागली’ असंच विचारतात. पडद्यावर तोच शब्द हवा.

चौकटीचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसते. पहिला निर्णय शिरोरेषेचा. ती सगळ्यात वरच्या ठिपक्यांवर ठेवली तर अक्षराला सात ओळी मिळतात आणि अक्षर ऐसपैस दिसतं. पण मग ‘फॅ’वरचा चंद्र कुठे जाणार? ‘लि’ची वेलांटी कुठे वळणार? म्हणून शिरोरेषा तिसऱ्या ओळीवर. वरच्या दोन मात्रांसाठी, खालच्या पाच अक्षराच्या अंगासाठी. एका शब्दात मात्रा नसली तरी रेषा तिथेच, नाहीतर ‘दर’ वर आणि ‘फॅट’ खाली दिसेल.

‘ट’ असा उतरतो:

०००००
०००००
१११११
००१००
०१११०
१००००
१०००१
०१११०

एक म्हणजे काळा ठिपका, शून्य म्हणजे कोरा. तिसरी ओळ शिरोरेषा, चौथीत मान, मग डावीकडे फुगलेलं आणि उजवीकडे उघडं पोट. आठवी ओळ खरं तर कर्सरसाठी राखलेली असते, पण कर्सर बंद असल्याने ती आपल्याला मिळते. ‘फॅ’चा चंद्र वरच्या दोन ओळींत बसवायचा म्हणजे ०१०१० आणि त्याखाली ००१००. तो गोल होत नाही, टोकदार होतो. तरी खाली ‘फ’ असला की डोळा त्याला चंद्रच म्हणतो.

‘लि’ला दोन घरं लागतात. युनिकोडमध्ये आधी ‘ल’ येतो आणि नंतर वेलांटी. पडद्यावर वेलांटी डावीकडे नेण्याचं काम फोन किंवा संगणक आपल्या नकळत करतो. इथे ते करणारं कोणी नाही. मी आधी वेलांटीचं घर पाठवते, मग ‘ल’चं. वेलांटीची कमान पहिल्या घरात सुरू होऊन दुसऱ्यात उतरते, म्हणून ‘ल’च्या घरात वरच्या दोन ओळींत कमानीचा शेवट काढून ठेवते. दोन घरांमध्ये काचेतच कोरी फट असते, त्यामुळे शिरोरेषा प्रत्येक घरापाशी तुटते. ती प्रोग्रामने जोडता येत नाही. पण रेषा एकाच उंचीवर असली की शब्द एकसंध वाचला जातो.

वेलांटी, ल, ट, र, फॅ, द अशी सहा अक्षरं झाली. सातवं रुपयाच्या चिन्हाचं. हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं, या चिपच्या रचनेनंतर कितीतरी वर्षांनी. तेही हातानेच काढायचं. आठवं अक्षर मोकळं राहतं. आकडे मात्र चिपमधलेच, आंतरराष्ट्रीय. देवनागरी आकडे दहा आणि आपल्या अक्षरांना जागा आठ, तेव्हा तो प्रश्न तिथेच मिटतो. शेतकरी हे आकडे फोनवर आणि नोटेवर रोज वाचतात.

ओळी अशा बसतात: वर ‘लिटर 12.4 फॅट 4.1’, खाली ‘दर 34.50 ₹427.80’. प्रत्येक ओळ बरोबर सोळा घरं. एकही घर वाया गेलेलं नाही, आणि चारही गोष्टी एका नजरेत येतात.

११.३०

कोड लिहून कंपाइल करतो, हेक्स फाइल कंट्रोलरमध्ये टाकतो. इथे दोन जागा सांभाळायच्या असतात. अक्षरं मोकळ्या स्मृतीत लिहून झाल्यावर पत्ता पुन्हा पडद्याच्या स्मृतीवर आणावा लागतो. तो न आणता पुढे लिहीत गेलात, तर मजकूर पडद्यावर न येता आपण नुकत्याच काढलेल्या अक्षरांवरच लिहिला जातो. आणि पहिल्या अक्षराचा क्रमांक शून्य असतो, तर सी भाषेत शून्य म्हणजे शब्दाचा शेवट. त्यामुळे ते अक्षर शब्दात घातलं की शब्द तिथेच संपतो. उपाय चिपनेच दिलाय: शून्य ते सात ही अक्षरं आठ ते पंधरा या क्रमांकांवरही मिळतात. आम्ही तेच क्रमांक वापरतो.

दुसऱ्या ओळीचा पत्ता सोळापासून सुरू होत नाही, चौसष्टपासून होतो. आत प्रत्येक ओळीला चाळीस घरांची जागा आहे, काचेवर त्यातली सोळाच दिसतात. सतरावं अक्षर पाठवलं तर ते हरवत नाही, न दिसणाऱ्या घरात जाऊन बसतं.

पडद्यावर ‘लिटर’ येतो. मी खुर्ची मागे घेऊन भिंतीपाशी उभी राहते आणि तिथून वाचते. अक्षर जेमतेम साडेपाच मिलिमीटर उंच आहे. टेबलावर छान दिसणं पुरेसं नाही. ‘द’ लांबून ‘ट’सारखा वाटतो. त्याची खालची शेपटी एक ठिपका पुढे नेते, पुन्हा मागे जाऊन बघते. आता दोन्ही वेगळे वाचता येतात.

१२.१५

हिशेब. या भागात मी कुणाला घाई करू देत नाही. मुलाने लिटर आणि दर यांचा गुणाकार लिहिलाय. पैशांत अपूर्णांक आम्ही ठेवत नाही. १२.४ लिटर म्हणजे १२४ दशांश, ३४.५० रुपये म्हणजे ३४५० पैसे. गुणाकार ४,२७,८०० आणि त्याला दहाने भागलं की ४२,७८० पैसे, म्हणजे ४२७ रुपये ८० पैसे. पूर्णांकांत राहिलं की पैसा इकडचा तिकडे होत नाही.

पण त्याने दोन्ही आकडे सोळा बिटांत ठेवलेत, आणि गुणाकारही तसाच. सोळा बिटांत ६५,५३५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. वरचा भाग गळून जातो आणि उरतात ३४,५८४. पडद्यावर येतं ‘₹34.58’. त्याला मी उत्तर सांगत नाही, कागदावर गुणाकार करायला लावते. तो स्वतः शोधतो, गुणाकाराआधी आकडा बत्तीस बिटांत नेतो, आणि मग शून्य लिटरपासून शंभर लिटरपर्यंतचे आकडे टाकून उत्तरं संगणकावरच्या हिशेबाशी ताडून पाहतो.

बारा लिटर दूध घालणाऱ्या घराचं चारशे सत्तावीस रुपये हे त्या सकाळचं उत्पन्न असतं. अक्षर थोडं वाकडं चालेल, आकडा चालणार नाही.

१.३०

जेवणाचा डबा. शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर काम करणारे काका आमच्यात जेवायला येतात. त्यांना ‘फॅट’ वाचायला देतो. ते चष्मा न लावता वाचतात.

२.१५

काट्यावरचं वजन सतत थोडं हलत असतं. प्रोग्राम प्रत्येक वेळी पाटी स्वच्छ करून नव्याने लिहीत असेल तर पडदा लुकलुकतो. पाटी पुसण्याच्या हुकुमाला १.५२ मिलिसेकंद लागतात, बाकीच्या बहुतेक हुकुमांना ३७ मायक्रोसेकंद. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आमच्या कंट्रोलरचे तेवढ्यात ५९२ ठोके होतात. आरडब्ल्यू ग्राउंडला असल्याने ‘झालं का?’ असं डिस्प्लेला विचारता येत नाही, म्हणून ठरलेला वेळ थांबावंच लागतं. आम्ही पाटी पुसतच नाही. बदललेला आकडाच त्याच्या घरात लिहितो, आणि तोही सेकंदाला चारदा. त्याहून जलद लिहिलं तर काच मागे पडते आणि आकडे एकमेकांत मिसळतात.

आकडा उजवीकडे टेकवून लिहायचा, मोकळ्या घरात कोरी जागा पाठवायची. नाहीतर १२.४ नंतर ९.८ आलं की जुना शेवटचा ‘४’ तसाच राहतो आणि ९.८४ वाचलं जातं.

या दोन ओळी म्हणजे पहिलं पान. तीन सेकंदांनी आपोआप येणाऱ्या दुसऱ्या पानावर खाते क्रमांक, गाय की म्हैस, आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळता दुधातले घन घटक. इथे आठ अक्षरं बदलावी लागतात. ‘ख’ पाच ठिपक्यांत ‘रव’सारखा वाचला जातो, म्हणून त्याला दोन घरं देते. अक्षरं बदलताना जुन्या पानावरची अक्षरं डोळ्यांदेखत विचित्र होतात, कारण पडदा त्याच स्मृतीतून वाचत असतो. त्यासाठी पडदा बंद, अक्षरं भरायची, ओळी लिहायच्या, पडदा चालू. सगळं चार-पाच मिलिसेकंदांत होतं, डोळ्याला कळत नाही.

शेवटी गोंगाटाची चाचणी. केंद्रावर बल्क कूलरचा कंप्रेसर असतो. त्याचा कॉन्टॅक्टर पडला की केबलवर झटका येतो, आणि एनेबलच्या तारेवर एक खोटा ठोका गेला तरी चार लाइनींच्या बोलण्यात अर्धा बाइट सरकतो. मग पुढचं सगळं अक्षर न अक्षर चुकीचं. आम्ही केबल आखूड ठेवतो, डिस्प्लेच्या सप्लायवर अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतो. आणि प्रत्येक खात्याची नोंद संपली की सकाळची ती तीन ‘तीन’ पुन्हा पाठवतो, अक्षरंही नव्याने भरतो. टेबलाखाली कॉन्टॅक्टर लावून तो चालू-बंद करत राहतो. पडदा मध्येच बिघडलाच तर पुढच्या खात्याला सावरतो.

४.००

बोर्ड डब्यात बसवतो. प्रीसेटसमोर डब्याला भोक ठेवलंय. थंडीत एलसीडीचा कॉन्ट्रास्ट उतरतो, आणि खेडमध्ये हिवाळ्यातली पहाट चांगलीच गार असते. सचिवांना डबा न उघडता स्क्रू ड्रायव्हरने तो फिरवता यावा. नाशिक रोडला मोशी आणि चाकणची गर्दी धरून लवकर निघतो.

६.००

संस्थेच्या खिडकीपाशी किटल्या घेऊन माणसं यायला लागलीत. वजनकाट्याला वैधमापन विभागाचं सील आहे, त्याला हात लावायचा नाही. काट्याच्या सिरियल पोर्टमधून येणारा आकडा आम्ही फक्त वाचतो. डबा खिडकीच्या वरच्या चौकटीला लावायचा ठरतो, म्हणजे माणूस खालून वर बघणार. एलसीडी घेतानाच तो खालून बघण्यासाठी बनवलेला घेतला होता. डेटाशीटमध्ये त्याला ‘सहा वाजताची दिशा’ म्हणतात. ‘बारा’चा घेतला असता तर याच जागी अक्षरं फिकी दिसली असती.

सचिव स्वतः पहिली किटली काट्यावर ठेवतात. आकडे येतात. ते वहीतल्या दरपत्रकाशी दर ताडून बघतात, मग रक्कम कॅल्क्युलेटरवर. जुळते. पुढच्या दहा-बारा खात्यांनाही तसंच करतात, आणि आम्ही त्यांना थांबवत नाही. नव्या यंत्रावर असाच विश्वास बसायला हवा.

रांगेतल्या एक मावशी पडद्याकडे बघत ओठांनी अक्षर लावतात: “लि-टर. फॅट तीन-आठ.” मग सचिवांना विचारतात, “भाऊ, कालच्याला चार-एक लागली होती, आज तीन-आठ कशी?” सचिव सांगतात की दर वेळी थोडा फरक पडतो, नमुना घेण्याआधी दूध नीट ढवळलं का तेही बघावं लागतं, आणि हवं तर नमुना परत लावू. परत लावतात. तीन-नऊ येते. मावशी मान हलवतात आणि दुसरं पान यायच्या आत रक्कम पुन्हा एकदा वाचायला बघतात, पण पान बदलतं.

७.४५

शेवटची किटली झाल्यावर सचिवांबरोबर बाकावर बसून उद्याचे बदल लिहून घेते. पान तीन सेकंदांनी आपोआप बदलायला नको. पुढची किटली काट्यावर येईपर्यंत रकमेचं पान तसंच राहावं, दुसरं पान बटण दाबल्यावर यावं. फेरतपासणी झाली तर आधीची फॅट कोपऱ्यात दिसावी. त्यासाठी घर कुठून काढायचं हे परत जाताना ठरवीन. मोकळं राहिलेलं आठवं अक्षर आहेच.

मावशींचा प्रश्न मी वहीत सगळ्यात वर लिहिला आहे. पडदा इंग्रजीत होता तेव्हाही आकडे हेच होते आणि हिशेबही हाच होता. पण कोणता आकडा कशाचा, हे सचिवांनी सांगितल्यावरच कळायचं, आणि दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर त्याच्यासमोरच शंका घेणं अवघड असतं. आज मावशींनी स्वतः वाचलं, स्वतः तुलना केली आणि प्रश्न विचारला. म्हणून आमच्या गाळ्यातून जाणारा पुढचा प्रत्येक डबा मराठीतच निघेल, आणि अक्षरांची ती फाइल आम्ही मागेल त्या प्रोग्रामरला देऊ. ‘ट’ कसा काढायचा यात कोणाची सकाळ जायला नको. त्यांनी ‘ळ’ आणि ‘क्ष’ला लागावं.